‘याले परवाना लागत नाही भाऊ’: बंदूक विकणारे शेतकऱ्याला काय काय सांगतात

वावरवाला

तुरीच्या शेंगा भरायला लागल्या की रानडुकरांचे कळप धुरा ओलांडून आत येतात. त्याच सुमारास आमच्या आर्वी-कारंजाच्या पट्ट्यात छऱ्याच्या बंदुका, पाइपाच्या बंदुका आणि ‘परवाना करून देतो’ म्हणणारी माणसंही फिरायला लागतात. कुणी तालुक्याच्या दुकानात बसलेला असतो, कुणी आठवडी बाजारात, कुणी नुसता व्हॉट्सअ‍ॅपवर. रात्र रात्र जागल करून थकलेल्या माणसाला ते जे सांगतात त्यातलं बरंचसं खोटं असतं. काही वेळा तर सांगणाऱ्यालाच ते खोटं आहे हे माहीत नसतं. पण गुन्हा दाखल होतो तो ज्याच्या घरात बंदूक सापडली त्याच्यावर. म्हणून हा धागा काढतो आहे.

माझा बंदुकीला विरोध नाही. पीक राखायला परवान्याची बंदूक ठेवणं ही आपल्याकडची जुनी रीत आहे आणि कायद्यातही तिला जागा आहे. विरोध आहे तो फसवून विकण्याला.

सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य शीर्षकात दिलं आहे. एअर गन, म्हणजे आपली छऱ्याची बंदूक, हिला परवाना लागत नाही असं सरसकट सांगतात. ते अर्धंच खरं आहे. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे जिची नळी ०.१७७ इंच म्हणजे ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठी नाही, आणि जिची ताकद २० ज्यूलच्या वर जात नाही, तिलाच परवान्यातून सूट आहे. दोन्ही अटी एकाच वेळी पाळल्या गेल्या पाहिजेत. ०.२२ ची, म्हणजे साडेपाच मिलिमीटरची एअर रायफल घेतली की परवाना लागतो, तिची ताकद कितीही कमी असली तरी. आणि ‘डुकरासाठी जरा भारी दाखवा’ म्हटलं की नेमकी हीच काउंटरखालून निघते.

‘यात दारू नाही, मग ही बंदूक कशी?’ हाही ठरलेला युक्तिवाद आहे. शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये बंदुकीची जी व्याख्या आहे तिच्यात स्फोटकाबरोबरच ‘इतर प्रकारच्या ऊर्जेने’ गोळी फेकणारं शस्त्रही येतं. दाबलेली हवा त्यातच आली. बिनपरवान्याची बंदूक बाळगली तर कलम २५ खाली, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, कमीत कमी दोन वर्षं आणि पाच वर्षांपर्यंत कैद आहे. विकणाऱ्याला त्याहून जास्त, सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. पण विकणारा सापडायला हवा ना! बिल दिलेलं नसतं, नंबर बंद असतो, आणि बंदूक तुमच्या गोठ्यात असते.

दुसरं खोटं जास्त घातक आहे. ‘पीक संरक्षणाचा परवाना हातात आला की डुक्कर, रोही (नीलगाय) मारायला तुम्ही मोकळे.’ अजिबात नाही. शस्त्राचा परवाना जिल्हाधिकारी देतात, वन्यप्राणी मारायची परवानगी वनविभाग देतो. दोन वेगळे कायदे, दोन वेगळी कार्यालयं. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर आणि रोही दोन्ही वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या अनुसूची २ मध्ये आहेत. उभ्या पिकाचं नुकसान करत असतील तर कलम ११ खाली लेखी परवानगी मिळू शकते, आणि आपल्या राज्यात त्यासाठी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे अर्ज करायची सोय आहे. त्या लेखी कागदाशिवाय गोळी झाडली तर ती शिकार. आणि शिकार म्हणजे नुसतं मारणं नाही, जखमी करणंही त्या व्याख्येत येतं. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

तुमच्या भागात काय काय सांगतात ते लिहा. दुकानाचं, माणसाचं नाव नको, काय सांगितलं तेवढं लिहा. माझी एकच विनंती आहे. विकणारा जे तोंडाने सांगतो तेच बिलावर लिहून मागा: ‘या शस्त्रास परवाना लागत नाही’, खाली सही-शिक्का. खरं असेल तर लिहून द्यायला त्याचं काही जात नाही.

मोर्शीकर

भाऊ, चांगला विषय काढला. आमच्या इकडे संत्र्याच्या बगीच्यात वानरांचा त्रास आहे, आंबिया बहार धरला की उच्छाद. गावातल्या पोरांनी ऑनलाइन छऱ्याच्या बंदुका मागवल्या आहेत. खोक्यावर छापलं आहे ‘१००० फूट प्रति सेकंद’. विकणारा म्हणतो नळी ०.१७७ चीच आहे आणि २० ज्यूलच्या आतच आहे, बिनधास्त वापरा. आता ज्यूल मोजायचे कसे? माझ्याकडे काय प्रयोगशाळा आहे?

दुकानातला

मोर्शीकर, प्रयोगशाळा लागत नाही, कागद-पेन्सिल पुरते. मी नागपुरात एका परवानाधारक शस्त्र दुकानात बरीच वर्षं कामाला आहे, म्हणून सांगतो.

१००० फूट म्हणजे ३०५ मीटर. त्याचा वर्ग करा, साधारण ९३,०००. छऱ्याचं वजन किलोत घ्या, त्याने गुणा आणि निम्मं करा. ०.१७७ चा नेहमीचा शिशाचा छर्रा ०.५३ ग्रॅमच्या आसपास असतो. उत्तर येतं साडेचोवीस ज्यूल. म्हणजे शिशाच्या छऱ्याने खरोखर १००० फुटांचा वेग मिळत असेल, तर ती बंदूक सूट संपते त्याच्या बरीच पुढे गेली. आता तोच हिशेब ०.३५ ग्रॅमच्या हलक्या मिश्रधातूच्या छऱ्याने करा, सोळा ज्यूल येतात. खोक्यावरचा मोठा आकडा बहुतेक वेळा या हलक्या छऱ्याचा असतो. शिशाचा छर्रा घातला की वेग पडतो.

तेव्हा दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असूच शकत नाहीत. शिशाच्या छऱ्याने १००० फूट आणि वर परवाना माफ, असं जो सांगतो तो एका ठिकाणी तरी खोटं बोलतो आहे. बनवणाऱ्याचं ज्यूलचं प्रमाणपत्र मागा. चांगल्या कंपन्या ते बंदुकीबरोबर देतात.

आता आमच्या धंद्याची एक गोष्ट मोकळेपणाने लिहितो. सगळे लबाड नसतात. १९६२ चे जुने नियम जाऊन २०१६ चे आले, पण खेळण्यांच्या, क्रीडासाहित्याच्या दुकानात बसणाऱ्या कित्येकांनी नवे नियम उघडूनही पाहिले नाहीत. घाऊक व्यापाऱ्याने जे सांगितलं ते पुढे सांगतात. त्या घाऊकवाल्यालाही त्याच्या वरच्याने तेच सांगितलेलं असतं. गिऱ्हाईक विचारत नाही तोवर हे असंच चालतं.

अजून एक. ०.१७७ च्या छऱ्याने रानडुक्कर मरत नाही. मोठ्या नराच्या खांद्यावर कातडीखाली जाड, चिवट थर असतो, तिथे हा छर्रा नुसता अडकतो. जनावर जखमी होऊन तुरीत दडून बसतं आणि सकाळी तूर पाहायला गेलेल्या बाईमाणसावर धावून येतं. ‘डुकरासाठी घ्या’ म्हणून छऱ्याची बंदूक विकणं हे कायद्याच्याही आधी माणुसकीला सोडून आहे. माणसाच्या डोळ्याला, मानेला मात्र तोच छर्रा जवळून जिवावर बेततो. लेकरांच्या हाती देऊ नका.

ताडोबाकाठ

नमस्कार जी. मी चिमूरकडचा. आमच्या भागात जे चालते ते वर कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

आमचं गाव अभयारण्याच्या हद्दीपासून दहा किलोमीटरच्या आत येते. वन्यजीव अधिनियमाच्या कलम ३४ प्रमाणे दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाला वनविभागाकडे आपली नोंदणी करावी लागते, आणि नवा परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकाची संमती लागते. याचा अर्थ परवाना मिळतच नाही असा नाही, पण एक पायरी जास्त आहे. दलाल याचा दोन्ही बाजूंनी फायदा घेतात. एकाला सांगतात, ‘तुले इथं परवाना भेटतच नाही, म्हणून ही बिनपरवान्याची घे, सगळेच ठेवतात.’ दुसऱ्याला सांगतात, ‘वनविभागात आपला माणूस आहे, संमती आणून देतो’ आणि पैसे घेऊन जातात. दोघेही नागवले जातात.

बंदूक खांद्यावर टाकून जंगलातल्या पांदणीने जाता येते हेही खोटं आहे. परवान्याची असली तरी शस्त्र घेऊन अभयारण्यात शिरायला वेगळी लेखी परवानगी लागते, कलम ३१. आमच्याकडे वावर आणि जंगल यांच्यात कुठे कुठे नुसता एक नाला आहे. नाल्याच्या इकडे शेतकरी, तिकडे आरोपी. विकणारा हे कधीच सांगत नाही, कारण त्याने आपला नाला पाहिलेला नसतो.

वऱ्हाडी_ताई

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, पण याच विषयातला आहे असं वाटतं.

आमच्या सासऱ्यांच्या नावावर बारा बोअरची दुनळी होती, पीक संरक्षणाचा परवाना होता. ते मागच्या वर्षी गेले. बंदूक नियमाप्रमाणे एका परवानाधारक दुकानात जमा केली आहे. आता तो दुकानदार म्हणतो की मयताची बंदूक वारसाला मिळत नाही, सरकार जप्त करते, त्यापेक्षा मला विकून टाका. जी किंमत सांगतो ती ऐकून सासूबाईंना रडूच आलं. दुनळी जुनी विलायती आहे, सासरे जिवापाड जपायचे. माझे यजमान शेतीच करतात, आणि डुकरांचा त्रास आमच्या अकोटकडेही आहेच. खरंच वारसाला मिळत नाही का?

निवृत्त_फौजदार

ताई, त्या माणसाने तुम्हाला सरळ खोटं सांगितलं आहे. काही विकू नका, कशावर सही करू नका.

शस्त्र नियम २०१६ च्या नियम २५ मध्ये वारसांची तरतूद स्पष्ट आहे. परवानाधारक मरण पावला तर कायदेशीर वारस परवान्यासाठी अर्ज करू शकतो. इतकंच काय, परवानाधारक हयात असतानाही, त्याला सत्तर वर्षं पूर्ण झाली किंवा शस्त्र पंचवीस वर्षं त्याच्याकडे राहिलं, यातलं जे आधी होईल तेव्हा, तो ते वारसाच्या नावे करण्यासाठी अर्ज देऊ शकतो. ज्यांच्या घरी वयस्कर परवानाधारक आहेत त्यांनी हे आत्ताच करून घ्यावं.

वारसाला आपोआप मिळते असंही समजू नका. तुमच्या यजमानांची पोलीस पडताळणी होईल, शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागेल, बाकीच्या वारसांची ना-हरकत लागेल. निर्णय जिल्हाधिकाऱ्यांचा. पण ‘मिळतच नाही’ हे खोटं.

बंदूक जमा करून तुम्ही योग्य केलंत. शस्त्र अधिनियमाच्या कलम २१ प्रमाणे परवानाधारकाच्या मृत्यूनंतर शस्त्र ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानात जमा करावंच लागतं. जमा केल्याची पावती आहे ना? तिच्यावर बंदुकीचा नंबर, बनवणाऱ्याचं नाव, नळीचं मोजमाप नीट लिहिलेलं आहे का, ते पाहून घ्या. जमा ठेवलेलं शस्त्र तुमचंच असतं. सामान ठेवायला दिलं म्हणून गोदामवाला मालक होत नाही.

मी नोकरीत असताना हा प्रकार पुष्कळ पाहिला. घरात कर्ता माणूस गेलेला, बाईमाणूस घाबरलेलं, समोरचा म्हणतो ‘पोलीस येतील’. त्या भीतीचे पैसे करतात. पोलीस येतात ते शस्त्र जमा केलं नाही तर. जमा केल्यावर कुणी येत नाही.

काळीमाती

सगळे कायदे शिकवून रायले. ठीक आहे, कायदा माहीत असला पाहिजे. पण मले एक सांगा, शेतकरी त्या दलालाकडे काऊन जाते? हौस आहे म्हणून? तीन एकर हरभरा एका रातीत नांगरल्यावाणी करून ठेवते डुकरं. वनविभागात अर्ज दिला तर साहेब दौऱ्यावर. परवान्याचा अर्ज दिला तर फाइल कुठं आहे ते कोणी सांगत नाही. पंचनामा होतो तवा पीक वाळून गेलेलं असते. अशा वेळी जो माणूस समोर उभा राहून म्हणतो ‘उद्या काम करून देतो’, त्याचंच ऐकते माणूस. फसवणाऱ्याले शिव्या द्या, पण त्याले गिऱ्हाईक कोणी मिळवून दिलं तेही लिहा.

वावरवाला

काळीमाती दादा, तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे आणि ते या धाग्यात यायलाच हवं होतं. खोटं विकलं जातं कारण खरं वेळेवर मिळत नाही. माझ्या गावातही परवान्याच्या फाइली वर्षानुवर्षं पडून आहेत.

पण दादा, दलाल तरी काम करून देतो का? ‘दहा एकर सात-बारावर नसेल तर परवाना मिळत नाही, पण मी मॅनेज करतो’ हे वाक्य मी कितीतरी जणांच्या तोंडून ऐकलं आहे. शस्त्र अधिनियमाच्या कलम १४ मध्ये साफ लिहिलं आहे की पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही. पीक संरक्षणासाठी शेती करत असल्याचा पुरावा लागतो, पण दहा एकरांची अट ही दलालाच्या डोक्यातली. ती सांगून तो अल्पभूधारकाकडून जास्त पैसे काढतो.

आणि नाकारला तर त्याच कलमात आहे की कारण लेखी नोंदवावं लागतं आणि अर्जदाराने मागितलं तर सहसा द्यावं लागतं. त्यावर विभागीय आयुक्तांकडे अपील होतं, आपल्याकडे नागपूर किंवा अमरावती. हा रस्ता लांब आहे, मान्य. पण या रस्त्यावर कुणी तुमच्यावर गुन्हा दाखल करत नाही.

पीक संरक्षणासाठी मुळात भरमार, म्हणजे ठासणीची बंदूक गृहीत धरलेली आहे. ती पुरेशी नाही असं अधिकाऱ्याला पटलं तर बारा बोअर देता येते, कलम १३. हे मुद्दाम लिहितो, कारण दुकानात गेलं की ‘भरमार आता कायद्याने बंद झाली, बारा बोअरच घ्यावी लागते’ असं सांगून महागातली गळ्यात मारतात. बंद झालेली नाही.

सावलीकर_मास्तर

मी शिक्षक आहे, बंदुकीतलं मला काही कळत नाही. पण पाइपाच्या बंदुकीबद्दल कुणी सविस्तर लिहिलं नाही म्हणून लिहितो, कारण ती आमच्या शाळेतल्या मुलांच्या हातात आहे.

प्लास्टिकच्या पाइपात कार्बाइडचा खडा टाकायचा, थोडं पाणी, झाकण, आणि मागे गॅस पेटवायच्या लायटरची ठिणगी. मोठा आवाज होतो, वानरं पळतात. बाजारात, रस्त्याच्या कडेला, ऑनलाइन सगळीकडे मिळते. विकणारा म्हणतो, ‘यात दारू नाही, गोळी नाही, नुसता दगड आणि पाणी. पोरगंही चालवते.’

कार्बाइडवर पाणी पडलं की ॲसिटिलीन वायू तयार होतो, ज्याने वेल्डिंगवाले लोखंड कापतात तोच. हवेत थोडा मिसळला तरी पेटतो आणि खूप मिसळला तरी पेटतो, म्हणून त्याचा अंदाज येत नाही. प्लास्टिकचा पाइप त्या दाबासाठी बनवलेला नसतो, फुटला की त्याच्या चिरफळ्या उडतात. सगळ्यात वाईट प्रकार होतो तो ठिणगी पडूनही बार झाला नाही तेव्हा. मूल वाकून नळीत पाहतं, आणि त्याच क्षणी बार होतो. २०२५ च्या दिवाळीत भोपाळ आणि मध्य प्रदेशातल्या इतर जिल्ह्यांत याच कार्बाइड गनने कितीतरी मुलांच्या डोळ्यांना इजा झाली, काहींची दृष्टी गेली. मध्य प्रदेश आपल्या नागपूर-अमरावतीच्या सीमेलगतच आहे, माल इकडून तिकडे जायला वेळ लागत नाही.

वायू निघून गेल्यावर मागे जे उरतं तो चुना असतो. म्हणजे डोळा भाजतो आणि वर चुन्याने जळतो. असं कुणाला झालं तर डोळा चोळू नका, तूप-तेल, दूध काही घालू नका. ताबडतोब स्वच्छ पाण्याने अर्धा तास तरी सतत धुवा आणि थेट डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या. गावात सगळ्यांना सांगून ठेवा.

‘याला कुठलाच कायदा लागू नाही’ हेही खोटं आहे. कॅल्शियम कार्बाइड नियम १९८७ पासून आहेत. पिशवीत भरून भाजीसारखं विकायची ती वस्तू नाही.

ताडोबाकाठ

मास्तर, बरं झालं लिहिलं जी. मोकळ्या जागेत लांबून आवाज करायचा तर डबे आहेत, हाळी आहे. जन वन विकास योजनेतून बफरच्या गावांना सौर कुंपणालाही मदत मिळते, आमच्या शेजारच्या गावात लागलं आहे. फक्त कुंपणाचं झटका यंत्र विकणाराही कधी कधी सांगतो की ‘थेट लाइनवर जोडलं तर झटका चांगला बसते’. तसं जोडू नका. त्याने जनावर मरते, माणूसही मरते, आणि वाघ सापडला तर सगळा गाव चौकशीत.

दुकानातला

जुन्या बारा बोअरबद्दल लिहायचं राहिलं होतं. वऱ्हाडी ताई, तुमच्याही कामाचं आहे.

जुनी बंदूक विकताना ठरलेलं वाक्य असतं: ‘बारा बोअर म्हणजे बारा बोअर, कुठलंही काडतूस चालते.’ हे ऐकून कुणी बोटं गमावली तर आश्चर्य नाही. जुन्या विलायती दुनळींची काडतूस बसायची खोली बऱ्याचदा ६५ मिलिमीटरची असते. आजची बरीचशी काडतुसं ७० ची. ७० चं काडतूस ६५ च्या खोलीत बसतं, म्हणूनच माणूस फसतो. बार झाल्यावर त्याचं तोंड उलगडायला जागा मिळत नाही आणि नळीत दाब वाढतो. ६५ की ७० ते नळीच्या बुडाशी, मोडून पाहिलं की खालच्या बाजूला कोरलेलं असतं, ठोकशिक्क्यांजवळ. इंचातही असू शकतं, अडीच म्हणजे ६५, पावणेतीन म्हणजे ७०.

नळीवर लाकडाच्या रेषांसारखी नक्षी दिसली तर ती पट्ट्या वळून जोडलेली जुनी नळी असू शकते. काळ्या दारूच्या काळातली. तिच्यात आजचं काडतूस घालू नका, विकणारा ‘अस्सल पोलाद आहे’ म्हणाला तरी. भिंतीवर ठेवायची वस्तू आहे ती, तीही परवान्यासकट.

बंदुकीवर नंबर नसेल, घासलेला असेल, पुन्हा कोरलेला वाटत असेल तर दुकानातून तसेच बाहेर पडा. नंबर, खूण नसलेलं शस्त्र विकणं गुन्हा आहे, आणि ते ज्याच्याकडे सापडलं त्यानेच खूण घासली असं गृहीत धरलं जातं, शस्त्र अधिनियमाचं कलम ८.

आणि ‘छर्रे शंभर पावलांवर थंड होतात, पुढे काही लागत नाही.’ छर्र्याने जनावर खात्रीने पडतं ते तीस-पस्तीस मीटरपर्यंत, हे खरं. पण एसजी काडतुसातला मोठा छर्रा नळी वर धरून मारला तर अर्ध्या किलोमीटरच्याही पुढे जाऊन पडतो. शेजारच्या वावरात कुणी ना कुणी जागलीला असतंच.

मोर्शीकर

एक प्रकार मीही सांगतो. आमच्या तालुक्यातल्या पोरांना सांगतात, ‘बाहेरच्या राज्यातून ऑल इंडिया परवाना काढून देतो, सोबत बंदूक घे, बँकेच्या गाडीवर गनमॅनची नोकरी पक्की.’ एकाने बापाचं वावर गहाण टाकून पैसे दिले.

निवृत्त_फौजदार

त्या पोराला सांगा, एक पैसाही आणखी देऊ नको. परवाना तुम्ही जिथे राहता किंवा जिथे नोकरी करता तिथलाच अधिकारी देतो. बाहेरच्या राज्यातल्या खोट्या पत्त्यावर काढलेला परवाना हाच पुरावा ठरतो. जम्मू-काश्मीरमध्ये २०१२ ते २०१६ या काळात दिलेल्या दोन लाख अठ्ठ्याहत्तर हजारांहून जास्त परवान्यांची सीबीआयने चौकशी केली, त्यात अधिकारीही अडकले आणि शस्त्र विक्रेतेही. परवान्यावर यूआयएन, म्हणजे प्रत्येक परवानाधारकाचा वेगळा ओळख क्रमांक, आहे का ते पाहा, आणि तो खरा आहे का ते आपल्या जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र शाखेत जाऊन विचारा. विचारायला पैसे लागत नाहीत. पैसे दिल्याचे मेसेज, फोनपेच्या नोंदी पुसू नका आणि ठाण्यात फसवणुकीची तक्रार द्या. तो स्वतःहून गेला तर फिर्यादी असेल, पकडला गेला तर काय होईल ते मी सांगायला नको.

दुकानातले दादा म्हणाले तसे चांगले विक्रेतेही आहेत. ओळखायचे कसे? तुम्ही शस्त्राची चौकशी केलीत की चांगला विक्रेता आधी विचारतो, ‘परवाना झाला का?’ कायद्याने क्रम तोच आहे, आधी परवाना, मग खरेदी. ‘आधी आगाऊ रक्कम द्या, बंदूक घेऊन जा, परवाना मागून होतो’ म्हणणाऱ्याकडे थांबू नका.

काळीमाती

फौजदार साहेब, एक विचारतो. परवाना माह्या नावावर आहे, पण जागलीले आमचा सालदार जाते. विकणाऱ्यानं सांगितलं होतं की घरच्या गड्याले बंदूक देता येते. खरं आहे काय?

निवृत्त_फौजदार

तशी नुसती हातात देता येत नाही. त्याचं नाव तुमच्या परवान्यावर सेवक म्हणून चढवून घ्यावं लागतं, त्यासाठी अर्ज करा, त्याचीही पडताळणी होईल. तोवर बंदूक घेऊन तुम्हीच जा, त्याला टॉर्च आणि डबा देऊन सोबत न्या. एरवी बंदूक कुलपात आणि काडतुसं दुसऱ्या कुलपात.

वऱ्हाडी_ताई

फौजदार काका, पावती शोधली. बंदुकीचा नंबर आहे, पण ‘जुनी बंदूक एक नग’ एवढंच लिहिलं आहे, बनवणाऱ्याचं नाव नाही.

निवृत्त_फौजदार

मग आधी ते दुरुस्त करून घ्या ताई. सासऱ्यांच्या परवान्याची प्रत घ्या, त्यात बंदुकीचं पूर्ण वर्णन असतं. यजमानांना आणि गावातल्या एखाद्या जाणत्या माणसाला घेऊन दुकानात जा, बंदूक समोर काढायला लावा, नंबर आणि नाव परवान्याशी जुळवा, आणि पावतीवर पूर्ण वर्णन लिहून घ्या. आढेवेढे घेतले तर तिथूनच ठाण्यात जाऊन लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. विक्रेत्याला ठेवीची नोंदवही ठेवावीच लागते आणि ती पोलिसांना तपासता येते, हे त्याला चांगलं माहीत असतं. त्यानंतर मृत्यूचा दाखला, वारसांची ना-हरकत, सात-बारा आणि ती दुरुस्त पावती घेऊन अकोल्याला जिल्हाधिकारी कार्यालयात यजमानांच्या नावाचा अर्ज टाका.

वऱ्हाडी_ताई

सोमवारी दोघंही जातो. जाणता माणूस म्हणून आमच्या गावचे माजी पोलीस पाटील यायला तयार आहेत. काय होतं ते इथे लिहीन.